पन्नाशीनंतर वजनं उचलायला लागले

पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर डॉक्टरांनी मला डेक्सा करायला सांगितलं, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. कारण माझी आई. न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला आणि त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही. माझ्या रिपोर्टात कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा, उणे २.१ आला. उणे १ पर्यंत ठीक मानतात, तिथून उणे २.५ च्या आधीपर्यंत ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं थोडी विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टर म्हणाले, औषध आत्ता नको. ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याची गोळी दिली. कॅल्शियम शक्यतो जेवणातूनच घ्यायला सांगितलं, म्हणून दूध-दह्याच्या जोडीला नाचणीची भाकरी आणि तीळ आले. शिवाय फिजिओथेरपिस्टच्या नावाने एक चिठ्ठी.

"मी रोज रंकाळ्यावर फिरते की," मी त्या फिजिओथेरपिस्टला म्हणाले.

"चालणं सोडू नका काकू," तो मुलगा म्हणाला, "पण तेवढ्या भाराची तुमच्या हाडांना सवय झालीय. आता थोडं जास्त मागू या त्यांच्याकडून."

मग त्याने जे समजावलं, ते मी घरी येऊन वाचतच राहिले. भार पडला की हाड अगदी किंचित वाकतं आणि आतल्या बारीक नळ्यांमधला द्रव हलतो. हाडातच राहणाऱ्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशींना ती हालचाल कळते, मग नवं हाड बांधणाऱ्या पेशींना रोखणारं प्रथिन त्या कमी सोडतात. म्हणून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळात वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतं. पोहणं हृदयाला उत्तम, पण पाणी अंग तोलून धरतं, त्यामुळे हाडांना त्यातून फारसं मिळत नाही.

सुरुवात खुर्चीपासून केली. हात न टेकता उठायचं, बसायचं. टाचा उचलून जरा जोरात टेकवायच्या. एका पायावर उभं राहायचं, कारण पडलंच नाही तर मोडण्याचा प्रश्नच येत नाही. पुढे हातात डंबेल आले आणि मग जमिनीवरून वजनं लावलेला लोखंडी बार उचलणं, पाठ सरळ ठेवून. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पाठ गोल करून पुढे वाकण्याची आसनं त्याने बंद करायला लावली. विरळ झालेल्या मणक्याच्या पुढच्या बाजूवर त्यात दाब येतो. पहिले काही आठवडे मांड्या अशा भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे.

जोर-बैठका मारणाऱ्या पोराचं आपल्या कोल्हापुरात पेठेपेठेत कौतुक होतं. पण माझ्या वयाच्या बाईने बार उचलला की घरातलेच घाबरतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मणका सरकेल." मला त्यांची काळजी कळत होती, म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियातला २०१८ चा प्रयोग वाचून दाखवला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. देखरेख हा शब्द मात्र मी दोनदा वाचला. व्हिडिओ बघून एकटीने हे करू नये, असं माझं ठाम मत आहे.

चालणंही सुरूच होतं, फक्त वेग वाढवला: बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतका. पावसाळ्यात मला हमखास होणारी सर्दी-खोकल्याची दुखणी या काळात कमी झाली. एकट्या माझ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण एक हजारांवर प्रौढांच्या १२ आठवड्यांच्या नोंदींमध्ये, आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-पडशाचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी निघाले होते. भरभर चालताना संसर्ग झालेल्या पेशी टिपून मारणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने रक्तात उतरतात, अंगभर फिरतात आणि नंतर ऊतींकडे जातात. मला सगळ्यात भावलं ते २०२१ चं उंदरांवरचं संशोधन. हाडांवर चालण्या-धावण्याचा भार पडला की मज्जेतल्या काही पेशी टिकून राहतात. त्या हाडही बांधतात आणि रोगांशी लढणाऱ्या लिम्फोसाइट पेशींच्या जन्मालाही हातभार लावतात. माणसांत हे तसंच असेल असं अजून म्हणता येत नाही, तरी बार उचलताना मला ते हटकून आठवतं. ताप असला की मात्र व्यायाम बंद, सरळ विश्रांती.

हाड नव्याने भरून यायच्या एका फेरीला चार-सहा महिने जातात, त्यामुळे दुसरा डेक्सा घाईने केला नाही. मणका उणे १.९, खुबा होता तिथेच. मी खूश झाले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की एवढा फरक मशीनच्या मोजमापातलाही असू शकतो, पण या वयात मणक्याची घनता वर्षाला एक-दोन टक्के सहज घटते, तेव्हा टिकून राहणं हीच कमाई. व्यायाम थांबवला तर मिळालेलं हळूहळू जातं, हेही त्यांनी बजावलं. पुढचा स्कॅन त्याच मशीनवर करायचा आहे, कारण मशीन बदललं की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. गडहिंग्लजच्या माझ्या धाकट्या बहिणीची पाळी गेल्याच वर्षी गेली. आई तिचीही तीच, म्हणून त्या दिवशी तिलाही सोबत घेऊन जाणार आहे.