तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींच्याच कॉलेजात का?

बारावीचा निकाल लागला की फोंड्यात मला कुणी ना कुणी हटकतंच. यंदा शेजारच्या काकींनी विचारलं, "तू नुव्याच्या कार्मेल कॉलेजची ना? आमच्या बायला तिथं घालू का? नुसत्या मुलींत तीन वर्षं काढून पुढं जड जाणार नाही ना?"

काकी, मला तिथं घातलं ते आजीच्या हट्टापायी. मुलींचं कॉलेज असेल तरच पुढं शिक, असं तिनं बजावलं होतं. माझी मावशीही तिथलीच. गोव्याची मुक्ती 1961 ची, कॉलेज 1964 चं. मुक्तीआधी पदवीसाठी बेळगाव, धारवाड नाही तर मुंबई गाठावी लागे, आणि आजीच्या पिढीतल्या मुलींना एवढ्या लांब कोण पाठवणार? मावशीच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये झालं, म्हणून माझ्या पदवीवर गोव्याचं.

1992 च्या जूनमध्ये आम्ही एफवायला 53 जणी होतो. मी बोरीचा पूल ओलांडून मडगावला उतरायची आणि तिथून वास्कोची बस धरायची. पणजीची शटल, म्हणजे थेट बस, नुव्याला थांबत नसे. पहिले पंधरा दिवस मी तोंडच उघडलं नाही. मडगावकडच्या सासष्टी तालुक्यातल्या मुली आपसात इंग्रजी आणि त्यांची कोंकणी बोलायच्या. माझं सगळं शिक्षण मराठीतून. गणेशचतुर्थीनंतर मी डब्यातून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, नेल्या, तेव्हा एक जण म्हणाली, ह्या तर आमच्या घरी नाताळात करतात! डिसेंबरात तिनं आणल्या. त्यानंतर मला अर्थशास्त्रातलं काही अडलं की ती कोंकणीतून समजावायची आणि मी मराठीत लिहून घ्यायची.

एसवायला केप्याच्या एका मैत्रिणीचे वडील गेले. सकाळी दुकान तिला उघडावं लागे, त्यामुळे पहिले दोन तास बुडायचे. कुणी ठरवलं ते आठवत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पहिल्या बाकावरची मुलगी वहीत कार्बन पेपर घालून लिहू लागली. वर्षभर पाळीपाळीनं लिहिलं. माझी पाळी आली की मी पेन दाबून, एकेक अक्षर सुटं काढायची, कारण खालची प्रत फिकट उठली तर तिचं नुकसान. माझं अक्षर सुधारलं ते तेव्हापासून. लक्ष देऊन ऐकायलाही मी तेव्हाच शिकले: आपल्यासाठी लिहिताना एखादा मुद्दा सुटला तर चालतो, दुसरीसाठी लिहिताना नाही.

पुढं बँकेत लागले तेव्हा शाखेत मी एकटीच बाई. जड गेलं नाही. न समजलेलं उठून विचारायची सवय होती, कारण तीन वर्षं वर्गात कुणी हसलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

पण एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मला सांगायची आहे. टीवायला आम्ही 41 उरलो. काही जणी नापास झाल्या, काहींची लग्नं झाली. केप्याची मैत्रीणही दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही. कार्बनच्या प्रती महिनाभर साठल्या, मग लिहिणंही थांबलं. तिच्या घरी आमच्यातली एकही गेली नाही. केपें मडगावहून काही लांब नाही. आम्ही 41 जणी होतो, गाडीभर जाऊन तिच्या आईशी बोलता आलं असतं. दुकानाची काही सोय निघाली असती. हे मला आजही लागून राहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मडगावच्या न्यू मार्केटात ती भेटली. तिनं मला लगेच ओळखलं, हात धरून बाजूला नेलं. घरची विचारपूस झाली आणि मग म्हणाली, "तिसऱ्या वर्साचें म्हाका सांग गो."

एका दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. कोण काय शिकवायचं, कुठला पेपर कठीण गेला, शेवटच्या दिवशी कोण रडलं, सगळं मी तिला सांगितलं. माझी फोंड्याची बस चुकली. ती मधे एकदाही बोलली नाही.