विल्यम ब्लेकचे ‘याकोबाचे स्वप्न’ प्रत्यक्ष पाहताना

इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचे ‘याकोबाचे स्वप्न’ हे जलरंगातील चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. मात्र कागदावरचे नाजूक रंग उजेडाने फिके पडत असल्यामुळे अशी चित्रे तेथे कायम मांडून ठेवलेली नसतात. ती पाहायची, तर मुद्राचित्रे व रेखाचित्रे विभागाच्या अभ्यासकक्षात आधी वेळ ठरवून जावे लागते. त्यासाठी शुल्क नाही आणि प्राध्यापकाचे शिफारसपत्रही लागत नाही, हे समजल्यावर मी संग्रहालयाच्या सूचीतून चित्राचा नोंदक्रमांक शोधला आणि तो ईमेलने कळवून वेळ मागितली. नुसते ‘ब्लेकची चित्रे पाहायची आहेत’ असे लिहिण्यापेक्षा क्रमांक देणे केव्हाही सोयीचे.

ठरलेल्या दिवशी ओळखपत्र दाखवले, पिशवी बाहेर ठेवली, हात धुतले. आत शाईचे पेन चालत नाही. टिपणे पेन्सिलीनेच काढावी लागतात. थोड्या वेळाने कर्मचाऱ्यांनी पेटीतून माउंटमध्ये, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवलेले चित्र आणून समोर ठेवले.

चित्र जेमतेम चाळीस सेंटिमीटर उंचीचे आहे. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब दगड उशाला घेऊन झोपतो आणि स्वर्गापर्यंत पोचलेली शिडी स्वप्नात पाहतो. बहुतेक चित्रकारांनी ती सरळ दाखवली. ब्लेकने मात्र वळणे घेत वर जाणारा जिना काढला आणि त्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्या आकृतींमध्ये स्त्रिया व मुलेही आणली. छापील प्रतींत मला हे सारे चित्र धूसर, पिवळट वाटले होते. प्रत्यक्षात पेनाची रेषा विलक्षण ठाम आहे आणि रंगाचे थर इतके पातळ आहेत, की वरच्या तेजाचा मोठा भाग खालच्या कागदाच्या उजळपणातूनच येतो. रंगापेक्षा रेषेवर ब्लेकचा भर होता, हे अनेकदा वाचले होते, पण ते मला पटले येथे.

टॉमस बट्स या सरकारी कारकुनाने ब्लेककडून बायबलमधील प्रसंगांवर ऐंशीहून अधिक जलरंगचित्रे करून घेतली, त्यांपैकी हे एक. 1808 मध्ये ते रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या प्रदर्शनात लागले आणि पुढच्याच वर्षी सोहो भागात, ब्लेकच्या भावाच्या मोजे विकण्याच्या दुकानाच्या वर भरलेल्या प्रदर्शनातही होते. त्याच प्रदर्शनात इंग्रज संस्कृत अभ्यासक चार्ल्स विल्किन्स ब्राह्मणांच्या सान्निध्यात भगवद्गीतेचे भाषांतर करत असल्याचे ब्लेकचे एक रेखाचित्र होते. ते पुढे हरवले, याची हळहळ मराठी वाचकाला जरा जास्तच वाटावी.

तेथे फ्लॅश वापरता येत नाही, पण भिंग नेण्यास हरकत नसते, आणि ते न्यावेच. जिन्यावरच्या लहान आकृतींचे चेहरे व हातांतल्या वस्तू नुसत्या डोळ्यांनी नीट लागत नाहीत. लंडनचा मुक्काम थोडा असेल, तर विमानाची तिकिटे काढण्याआधीच अभ्यासकक्षाकडे वेळेची चौकशी करावी.