बाबा, उजव्या बाजूने!

बाबांनी सायकल सोडली त्याला आता अकरा वर्षं झाली. बार्शीपासून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत ते सगळी नोकरी सायकलवर गेले. कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा आणि हँडलला डब्याची पिशवी. पुढे तो रस्ता रुंद झाला, डंपर धावायला लागले. एका संध्याकाळी असाच एक डंपर इतक्या जवळून गेला की त्याच्या नुसत्या वाऱ्याने बाबा सायकलसकट चारीत पडले. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल पुसली, तेलपाणी केलं आणि मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

म्हणून यंदा जूनमध्ये ते माझ्याकडे बर्लिनला आले, तेव्हा संग्रहालयं आणि राजवाडे नंतर बघू, आधी बाबांना फ्लेमिंगला न्यायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

बर्लिनच्या दक्षिणेला टेल्टो-फ्लेमिंग नावाचा जिल्हा आहे. पाइनची जंगलं, राय नावाच्या धान्याची शेतं आणि मध्येमध्ये चार-दोनशे वस्तीची गावं. या जिल्ह्याने २००० नंतर जंगलातून आणि शेतांतून एक डांबरी वाट बांधली. रुंदी दोन ते तीन मीटर, लांबी सगळ्या फाट्यांसकट दोनशे किलोमीटरच्या वर. बांधली ती मुख्यतः चाकांचे बूट घालून स्केटिंग करणाऱ्यांसाठी, म्हणून नाव फ्लेमिंग-स्केट. स्केटच्या बारक्या चाकांना खडबडीत रस्ता चालत नाही, त्यामुळे डांबर अगदी बारीक खडीचं आणि गुळगुळीत आहे. त्याचा लाभ सायकलवाल्यांनाही होतो. मोटारींना इथे बंदी.

शनिवारी सकाळी आम्ही लोकल गाडीने निघालो. सायकलींचा डबा वेगळा असतो, दारावर सायकलचं चित्र असतं आणि सायकलचं तिकीटही वेगळं काढावं लागतं. सायकलचं तिकीट बाबांनी जपून पाकिटात ठेवलं. पाऊण तासात लुकेनवाल्डे आलं.

बाबांसाठी मी मैत्रिणीची सायकल मागून आणली होती. मधली दांडी खाली असलेली, म्हणजे पाय उंच टाकावा लागू नये. एक गोष्ट सांगायची मात्र मी विसरले. इकडच्या बऱ्याच सायकलींना पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याकडे सायकल चालवताना मध्येच पायडल मागे फिरवायची सवय असते. बाबांनी तेच केलं आणि सायकल जागच्या जागी थांबली. ते पडले नाहीत, पण चेहरा उतरला. "राहू दे गं, मी बसतो इथे बाकावर, तू जाऊन ये," म्हणाले. अकरा वर्षांची भीती त्या एका वाक्यात होती. मी घाई केली नाही. स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांनी चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला स्वतःच घंटी वाजवली.

गावाबाहेर पडलो तशी वाट झाडांत शिरली. पहिली दहा मिनिटं मी पुढे होते आणि दर मिनिटाला ओरडत होते, "बाबा, उजव्या बाजूने! उजव्या!" चाळीस-पन्नास वर्षांची डाव्या बाजूची सवय जाते कशी? समोरून स्केटवाले येतात तेव्हा दोन्ही हात झुलवत येतात, निम्मी वाट त्यांना लागते. आपण कडेला व्हायचं, ते हात वर करून जातात. सत्तरीच्या पुढचं एक जोडपं हातात हात धरून घसरत गेलं. बाबा थांबून मागे वळून पाहत राहिले.

जंगल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतली दाटी येते. हे तसं नाही. ब्रांडेनबुर्गची, म्हणजे बर्लिनभोवतीच्या या राज्याची जमीन निव्वळ वाळू. या वाळूत तग धरतो तो पाइन, आणि तोही माणसांनी ओळीने लावलेला. त्यामुळे चालत्या सायकलवरून पाहिलं की खोडांच्या ओळी पंख्याच्या काड्यांसारख्या उघडतात आणि मिटतात. खोडाचा खालचा भाग काळपट, वरचा उन्हात केशरी. ऊन तापलं की राळेचा वास सुटतो. आणि शांतता. टायरची बारीक घरघर, चेनची टिकटिक, कुठेतरी सुतारपक्ष्याची ठकठक, एवढंच. सहा-सात किलोमीटर झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मागे बाबा काहीतरी गुणगुणत आहेत. आईने मला सांगितलं होतं की शाळेतून येताना ते ओढ्याच्या पुलापासून गुणगुणत यायचे आणि त्यावरून ती चहा टाकायची. मी मात्र ते कधी ऐकलं नव्हतं. मला कळायला लागलं तेव्हा त्या रस्त्यावर स्वतःचा आवाज ऐकू येईल अशी सोय उरलेली नव्हती.

वाट जिथे मोटारींचा रस्ता ओलांडते तिथे सायकलवाल्याने थांबायचं असतं. तिथे बाबा दरवेळी पूर्ण उतरायचे, दोन्हीकडे पाहायचे आणि सायकल हातात धरून पलीकडे जायचे. मी काही बोलले नाही.

जंगल संपून शेतं लागली. राय कमरेच्या वर आलं होतं, वाऱ्यावर रुप्यासारखं हलत होतं. याच जिल्ह्यात पेटकुस नावाचं गाव आहे. तिथे फर्डिनांड फॉन लोखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निवड करत करत रायचं एक वाण तयार केलं आणि पेटकुसचं राय युरोपभर पेरलं गेलं. हे सांगितल्यावर बाबांनी सायकल स्टँडवर लावली, एक ओंबी हातात घेऊन पाहिली, तोडली नाही. "आपल्या मोहोळची मालदांडी ३५-१ ज्वारी अशीच निवडून काढलेली," ते म्हणाले. "हलक्या रानात जे टिकतं तेच खरं पीक." मग त्यांनी माझ्याकडून त्या गावाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं.

चहा बांधावर प्यायलो. थर्मास घरचाच. याच भागात, बारूथजवळ ग्लासह्यूट नावाचं काचकामगारांचं गाव आहे. थर्मास शोधून काढणारे राइनहोल्ड बुर्गर १८६६ साली तिथे जन्मले. तिकडे जायला त्या दिवशी वेळ नव्हता.

क्लोस्टर झिन्नाला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ११७० साली स्थापन झालेला मठ, घडीव ग्रॅनाइटची भिंत, आत गारवा. मॅगडेबुर्गचे आर्चबिशप विखमान यांनी तो वसवला. बाराव्या शतकात फ्लँडर्सकडून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने, शेतकरी आणून या प्रदेशात वस्त्या केल्या. त्यांच्यावरूनच फ्लेमिंग हे नाव पडलं. पुढे १७६४ साली प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रिडरिखने, इथे विणकरांची वसाहत उभी केली. त्यांची बुटकी, एकासारखी एक घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अजून आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेला माणूस हातमागाचं गाव लगेच ओळखतो. बाबांचं आजोळ तिथलं. ते एका खिडकीच्या उंबऱ्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

तिथून युटरबोग जवळच. पण या टप्प्यात एक गोष्ट मनाला लागते. पश्चिमेचं जंगल म्हणजे जुनं लष्करी सराव क्षेत्र, आधी जर्मनांचं, नंतर १९९४ पर्यंत सोव्हिएत सैन्याचं. जमिनीत अजून दारूगोळा आहे. आगीच्या दिवसांत तो फुटतो, त्यामुळे अग्निशामक दलाला आतही शिरता येत नाही. २०२३ साली इथे सातशे हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. माणसाला वाट सोडायची मनाई, आणि म्हणूनच तिथे आता लांडगे परत आले आहेत, वाळूची एक टेकडी वाऱ्याने मोकळी सरकत असते. पाइनच्या सरळ ओळी लावणाऱ्या देशात एवढा तुकडा आपल्या मर्जीने वाढतोय याचा मला मनापासून आनंद होतो, जरी तो दारूगोळ्याच्या कृपेने असला तरी.

युटरबोगच्या वेशीवर एक सोटा टांगलेला आहे आणि खाली जर्मन ओळी आहेत. अर्थ असा: जो आपली भाकरी मुलांना देऊन टाकतो आणि मागाहून स्वतः हाल काढतो, त्याला या सोट्याने ठार मारा. मी बाबांना अर्थ सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं. "परत सांग," म्हणाले. परत सांगितला. माझ्या शिक्षणासाठी विकलेल्या दोन एकरांबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोललेलं नाही. त्या दिवशीही नाही बोललो. वेशीतून आत जाताना त्यांनी सायकल हातात धरली होती आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीला डोकं टेकून झोपले. जागे झाल्यावर पहिला प्रश्न, "असा दुसरा रस्ता आहे का?"

होता. पुढच्या रविवारी आम्ही याच जिल्ह्यातल्या व्युन्सडॉर्फला गेलो. तिथून जंगलातून चारेक किलोमीटर. ही वाट फ्लेमिंग-स्केटसारखी गुळगुळीत नाही, वाळूत चाक रुततं, काही ठिकाणी उतरावं लागतं. पण पाइन तेच, वास तोच, आणि माणूस नाही. शेवटी झाडांत एक मोकळी जागा येते. त्सेरेन्सडॉर्फची भारतीय दफनभूमी.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये लढलेले हिंदी शिपाई जर्मनांच्या हाती लागले, त्यातल्या अनेकांना व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवलं होतं. हेतू हा की त्यांना इंग्रजांविरुद्ध फिरवावं. १९१५ साली मुसलमान कैद्यांसाठी छावणीत लाकडी मशीदही बांधली, जर्मनीतली ती पहिली. थंडी आणि क्षय यांनी माणसं गेली. इथे २०६ जण आहेत. सोव्हिएत सैन्य असेपर्यंत इथे येताच येत नव्हतं.

त्या छावणीत भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात ते जपलेले आहेत. त्यातला मल सिंग नावाच्या पंजाबी शिपायाचा, डिसेंबर १९१६ मधला, जेमतेम दीड मिनिटाचा आवाज मी बाबांना आदल्या रात्री ऐकवला होता. तो स्वतःबद्दल "एक माणूस होता" असं बोलतो. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो या युद्धात आला, जर्मनांनी त्याला पकडलं. आता त्याला घरी जायचं आहे. आणखी दोन वर्षं इथे राहिला तर तो मरेल.

बाबा एकेका दगडापाशी थांबत गेले. प्रत्येक नाव त्यांनी वर्गात हजेरी घेतात तसं मोठ्याने वाचलं. पलटण वाचली, तारीख वाचली. इंग्रजी अक्षरांतलं नाव अडलं की परत वाचायचे, नीट जमेपर्यंत. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर आवाज बसला, तेव्हा थर्मासमधलं कोमट पाणी प्यायले आणि पुढे सुरू झाले. मला वाटतं सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात एकही गाडी गेली नाही, विमानसुद्धा नाही, त्यामुळे दूर झाडाखाली सायकलींपाशी बसून मला सगळी नावं ऐकू येत होती.

निघताना त्यांनी पायजम्याला लागलेली वाळू झटकली, पँटला लावतात तसा रबर पायजम्याच्या पायाला लावला आणि आधी स्वतः सायकलवर बसले. मी मागे राहिले. बाबा उजव्या बाजूने चालले होते.