हरवलेले जिरे

पौषातल्या आठवडी बाजारात मासे विकणारी ढिवरीण मरळीचा कल्ला अंगठ्याने उचलून म्हणते, “पाहा ना गुरुजी, कसा लालभडक हाय.” आमच्या भंडाऱ्याकडे ताजेपणाची हीच परीक्षा. अंटार्क्टिकाभोवतीचा हिममासा मात्र तीत नापासच होईल, कारण त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते आणि कल्ले पांढुरके असतात, उणे १.९ अंशांपर्यंत उतरणाऱ्या त्या पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळत असल्याने त्याचे तसेही भागते.

मला त्याच्या रक्ताहूनही त्याच्या तंतुकणिकांचे अधिक नवल वाटते. पेशीतल्या या चुलींना स्वतःचे गोल कड्यासारखे डीएनए असते आणि ते सहसा आईकडूनच येते. माणसातले हे कडे १९८१ मध्ये पुरते वाचले गेले, त्याची अक्षरे १६,५६९ भरली. त्यावरची ३७ जनुके रोहूपासून माणसापर्यंत बहुतेक पृष्ठवंशीयांत एकाच क्रमाने बसलेली असतात, जशा आईच्या तिखटमिठाच्या गोल डब्यात वाट्या: मधोमध हळद, अलीकडे मोहरी, तिला लागून जिरे. भारनियमनाच्या अंधारातही तिचा हात चुकत नसे.

हिममासा आणि त्याच्या अंटार्क्टिक भाऊबंदांत एनडी ६ हे जनुक नेहमीच्या जागी सापडेना, तेव्हा ते नाहीसेच झाले असे काही काळ मानले गेले. पुढे ते त्याच कड्यावर दुसऱ्या जागी सापडले. असे स्थलांतर बहुधा नकलेतल्या चुकीने होते. एखादा तुकडा दोनदा उतरतो, मग प्रत्येक जोडीतली एकेक प्रत बिघडून गळते, आणि कुठली गळेल याला नेम नसल्यामुळे उरलेल्यांचा क्रम जुनाच राहतो असे नाही. हे थंडीनेच घडवले असे म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण उबदार पाण्यातल्या लेपीच्या काही गोतावळ्यातही असे फेरफार आढळतात.

सूनबाई घरात आली तेव्हा तिच्या माहेरच्या डब्यातल्या वाट्याही ओट्यावर आल्या. काही दिवस मोहरी दोन आणि जिरेही दोन होते. मग इथली एक वाटी ओव्याला गेली, तिथली एक मेथीदाण्याला. परवा मरळीच्या रश्शासाठी जिरे भाजायला म्हणून माझा हात मोहरीशेजारी गेला, तिथे ओवा निघाला, आणि जिरे संपले असे समजून मी तडक दुकानात जाऊन पुडी घेऊन आलो. जिरे त्याच डब्यात, हळदीच्या पलीकडे होते. आता घरात पुन्हा जिरे दोन आहेत.