हिचं अर्धं

31 मे, रात्री साडेअकरा

फेटा केव्हाच उतरवलाय, कपाळ अजून आवळल्यासारखं वाटतंय.

आज मामाची एसटीतल्या कंडक्टरकीतून सेवापूर्ती झाली. खरं तर तो श्रावणातला, आजी सांगायची पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. पण शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लावली, आणि पहिल्या तारखेचा जन्म म्हटल्यावर 31 मेलाच घरी बसायचं. गुरुजींनी नोकरीचे काही महिने खाल्ले. मामाला त्याचं काही नाही. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली तीही 1 जूनलाच, 1948 साली. ‘आमच्या दोघांची पत्रिका एकच,’ असं तो दर वर्षी ऐकवतो.

कार्यक्रम छानच झाला. शाल, श्रीफळ, मामीची ओटी, मसालेभात. मला जे लागलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितेय.

फ्लेक्सवर होतं, ‘आम्हा सर्वांचे मामा’. ड्रायव्हर त्याला मामा म्हणतात, कँटीनवाला म्हणतो, पहाटेच्या गाडीनं कॉलेजला येणारी पोरं म्हणतात. म्हणू देत. खाकीतल्या माणसाला मामा म्हणतातच. मग एक मुलगी बोलायला उठली, आता नर्स आहे. म्हणाली, बारावीला पास संपला होता, घरात पैसे नव्हते, तर मामांनी आठ दिवस स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं. टाळ्या. मामी डोळे पुसायला लागली.

आणि मी बसल्या जागी बारा वर्षांची झाले.

त्या मे महिन्यात मला बारा पूर्ण झाली होती. आजोळी निघालो होतो, नेमकी मामाची गाडी. आई म्हणाली, “अर्धंच फाड रे, कोण बघतंय?” मामा म्हणाला, “मी बघतोय की.” पंच मारून पूर्ण तिकीट माझ्या हातात दिलं, आईकडून पैसे मोजून घेतले. मी घाट संपेपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. पुढं हीच गोष्ट मी कौतुकानं सांगत आले. आमचा मामा सख्ख्या भाचीला सोडत नाही म्हणून.

आणि परक्या पोरीचं आठ दिवस!

तिला गरज होती, आम्हाला नव्हती. कळतं मला. त्यानं एसटीला बुडवलं नाही, स्वतःच्या खिशाला खार लावला, तेही कळतं. पण तोच खिसा आमच्या वेळी कुठं होता? अर्ध्या तिकिटाचा तर फरक. चाळिशीत हे लिहायला लाज वाटते. आई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. असो.

मामी आहेराच्या पिशव्या घेऊन जीपनं पुढं गेली. मामा म्हणाला, आपण एसटीनंच जाऊ. शेवटची गाडी. नवीन लागलेला कंडक्टर मशीन घेऊन आला. मामाचा पास आज रात्रीपर्यंत चालत होता. माझ्याकडं बघून पोरगा म्हणाला, “ताई, राहू द्या. मामांच्या घरच्या तुम्ही.”

मामा गर्रकन वळला. “राहू द्या काय? हिचं अर्धं काढ.”

बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे अठ्ठावीस वर्षं फुल भरून मी परत हाफवर आलेय. मामाचा हात खिशाकडं गेला. मी थांबले. त्यानं रुमाल काढला, घाम पुसला, रुमाल परत ठेवला.

पैसे मीच दिले. तेव्हा मात्र मला एवढं हसू फुटलं की पोरगा बिचकला. मामाला काय झालं ते कळलं नाही, की कळलं, कोण जाणे. तो समोर बघत राहिला.

सुटे नव्हते, म्हणून पोरानं तिकिटाच्या मागं पाच रुपये लिहून दिले. घराच्या फाटकाशी मामानं विचारलं, “पाच रुपये घेतलेस?”

“राहिले.”

“गाडी मुक्कामीच आहे. साडेपाचला सुटते. उठवतो तुला.”