पाथरी का आणत नाहीस? तुम्ही विचारलंत म्हणून

गावाकडून पुण्याला निघालो की फोन ठरलेला, येताना पिशवीभर पाथरी आण. मी नाही म्हणतो, मग मागनं बोललं जातं की रानातली फुकटची भाजी आणायला पण याला जड जातं. म्हणून एकदाच लिहितो.

पाथरी संपलेली नाही. सरीला, बांधाला जमिनीला चिकटून पानं पसरलेली असतात, पिवळी फुलं येतात, बी वाऱ्यावर उडून पुन्हा उगवतं. खुरपणीच्या बायका जेवायला बसल्या की तिथंच उपटून, मूळ तोडून, भाकरी-ठेच्याबरोबर कच्चीच खायच्या. आता खुरपणीच राहिली नाही. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर परवडत नाहीत, म्हणून उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. ते रुंद पानाच्या तणावर चालतं, उसाला काही होत नाही, आणि पाथरी रुंद पानाचीच.

गेल्या थंडीत आई बांधावर बसून पदराच्या ओट्यात पाथरी खुडत होती. शेजारच्यांनी आदल्या संध्याकाळी तिथं ग्लायफोसेट, म्हणजे दुसरं तणनाशक, मारलेलं, मला माहीत, तिला नाही. पानं हिरवीगार, कारण त्या औषधानं पान पिवळं पडायला काही दिवस जातात, नुसतं बघून कळतच नाही. एक पान तिच्या तोंडात होतं. मी ओरडलो, थुंक म्हणालो, ओट्यातली सगळी भाजी ओढून फेकली, तिला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लक्ष ठेवा म्हणून परत पाठवलं, काही झालं नाही तिला. पण रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "माझ्या रानातलं मी आता तुला विचारून खायचं का?" मला उत्तर देता आलं नाही, अजून देता येत नाही.

शेजाऱ्याशी भांडू कुठल्या तोंडानं? माझ्या उसात मी पण मारतोच. कर्ज काढून ऊस लावलाय, तण वाढू देऊन कसं चालेल?

आणि मीच आधी सगळ्यांना सांगत फिरायचो की रानभाज्या खा, त्यांच्यावर फवारणी नसते. तेव्हाचा मी आज समोर आला तर म्हणेल, निदान आईपुरत्या दोन सऱ्या सोड. सोडल्या रे, पण शेजारचा फवारा वाऱ्यानं इकडं येतो त्याचं काय करू?

यंदा बायका मिळाल्या तर वरच्या तुकड्यात खुरपणी करणार, नाहीतर फवारणीचा पंप बाहेर काढावाच लागेल. तोवर मला पाथरी मागू नका, आणि नाही म्हटलं की त्याला चिकटपणा म्हणू नका.