‘कु’

मी एका कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. ज्या महिन्यात सुट्ट्या आणि परीक्षा जास्त, त्या महिन्यात हातात पैसे कमी. पीएचडी एकोणिसाव्या शतकातल्या गावकामगारांच्या कागदांवर. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न स्टाफरूमपासून माहेरच्या लग्नांपर्यंत सगळीकडे ऐकलाय. विचारणारे बहुतेक इंजिनियर असतात.

२०२३च्या नोव्हेंबरात तहसीलमधून फोन आला. "मॅडम, तुम्हाला मोडी येतं ना? उद्याच या." न्या. संदीप शिंदे समितीचं काम मराठवाड्यातून राज्यभर पसरलं होतं आणि मराठा कुटुंबांना कुणबी म्हणून ओबीसीचा दाखला देता यावा यासाठी जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. तालुक्यातले तसले कागद निम्म्याहून जास्त मोडी या जुन्या लिपीत, आणि मोडी वाचणारे मोजून तिघे. एक रिटायर्ड गुरुजी, एक वकिलांचे मुनीम आणि मी. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी सरकारी जीप आली.

रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली. गठ्ठे लाल कापडात बांधलेले, काहींच्या गाठी सोडल्या की कसर भुरभुरत खाली पडायची. मला दिला तो नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची वही, ज्याला सगळे ‘कोतवाल बुक’ म्हणतात. हिच्यात मुलाचं नाव क्वचितच असतं. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, एवढंच. मयताच्या बाजूला नाव, वय, जात आणि मरणाचं कारण.

रोज संध्याकाळी जिल्ह्याला एक्सेल जायची. रकाने तीन: तपासलेल्या नोंदी, आढळल्या, निरंक (म्हणजे काही आढळलं नाही). "मॅडम, फक्त जात बघा. बाकी वाचत बसू नका," असं अव्वल कारकून सांगत. माणूस वाईट नव्हता, पण सहा वाजताच्या व्हिडिओ कॉन्फरन्सने त्याचं आयुष्य कुरतडलं होतं.

दहा दिवसांच्या वर्गात मोडीची अक्षरं येतात हे खरं. हात यायला वर्षं जातात. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत, अनुस्वार बरेचदा गाळतात आणि जिथे तिथे संक्षेप. त्यामुळे अक्षर वाचण्याआधी लिहिणारा वाचावा लागतो. हा ‘र’ कुठे मोडतो, घाईत असला की काय खातो. त्यासाठी एका ओळीसाठी चाळीस पानं मागे जावं लागतं. ‘फक्त जात बघा’ म्हणणाऱ्याला हे कसं समजवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.

चौथ्या दिवशी एका गावाची १९१७पासूनची वही आली. आधीच्या वह्या वाळवीने संपवलेल्या. लिहिणारा मोठा नेटका, जातीच्या रकान्यात पूर्ण शब्द: कुणबी, कुंभार, न्हावी. पानभर मयत लिहायला त्याला दोन-तीन महिने लागत. मग १९१८चा ऑक्टोबर आला आणि पान आठवड्याच्या आत भरायला लागलं. कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याखाली नुसतीच उभी रेघ, ‘वरीलप्रमाणे’ अशा अर्थाची, पानाच्या तळापर्यंत. मधेच हात बदलला. नवा हात थरथरता, शाई सांडलेली, जात एका अक्षरात. जुन्या लिहिणाऱ्याचं काय झालं, ते वहीत कुठे नाही.

हीच मानमोडीची साथ, म्हणजे १९१८चा इन्फ्लुएन्झा. हिंदुस्थानात तिच्यात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. सरकारी तक्त्यांत इन्फ्लुएन्झा असा वेगळा रकानाच नव्हता, सगळं ‘ताप’मध्ये गेलं. मग संशोधकांनी एरवीच्या वर्षांत किती मरत, या साली किती जास्त मेले, असा हिशेब मांडून आकडा काढला. कोविडमध्ये ‘जादा मृत्यू’ हा शब्द टीव्हीवर रोज ऐकला, तेव्हा याच वह्या आठवल्या होत्या. अशा वह्यांतल्या नोंदी सरकारी तक्त्यांत गेल्या होत्या म्हणून तो हिशेब मांडता आला, पण चॅनेलवाल्यांना याची खबर नव्हती.

दुपारी त्याच गावचे एक आजोबा आले. नातवाचं ॲडमिशन अडलेलं. पणज्याचं नाव सांगितलं. नाव सापडलं, नव्या हातातल्या पानावर, बायकोच्या मयतीच्या ओळीत. जात: ‘कु’.

"कु म्हंजी कुणबीच की, बाई," आजोबा म्हणाले.

कारकून मागून वाकले. "लिहून टाका मॅडम, आढळली."

मी मागे गेले. याच हाताने ज्याच्या नावापुढे ‘कु’ लिहिलं होतं असा आणखी एक माणूस होता. त्याला वर्षभरापूर्वी मुलगा झाला होता, आणि त्या नोंदीत जुन्या हाताने स्वच्छ लिहिलं होतं ‘कुंभार’. म्हणजे या घाईतल्या माणसाचा ‘कु’ दोन्हीकडे चालत होता. आजोबांच्या घरची जुन्या हातातली एकही नोंद नव्हती. दीड तास शोधलं. शाळेचे दाखले बघा, जमिनीचे जुने कागद बघा, असं सांगितलं. मोडी न येणाऱ्याने किंवा थोडंच येणाऱ्याने ती ओळ बिनदिक्कत ‘आढळली’ म्हणून लिहिली असती. कदाचित ते बरोबरही ठरलं असतं. मी अजून तिथेच अडकले आहे.

आजोबा उठले नाहीत. म्हणाले, "मग त्या पानावर काय काय लिवलंय, तेवढं तरी वाचून दावा."

वाचलं. सोमवारी पणज्याची बायको, ताप. मंगळवारी मुलगी, वय तीन, ताप. गुरुवारी भाऊ, ताप. बोट ओळीवरून सरकत होतं आणि आजोबा बोटाकडे बघत होते, मोडीचं एक अक्षर न येता.

"आज्जा म्हनायचा, मानमोडीत घर बसलं आमचं," ते म्हणाले. "आमाला वाटायचं, भिताड पडलं आसंल."

परवानगी विचारून त्यांनी त्या पानाचा फोटो घेतला. नातवाच्या फोनवर, दोनदा, कारण पहिला हलला होता.

संध्याकाळी मी त्या ओळीपुढे ‘संदिग्ध’ लिहिलं. एक्सेलमध्ये तसा रकाना नव्हता. कारकुनांनी घड्याळाकडे बघितलं आणि ती ‘निरंक’मध्ये टाकली.